लाकडी होडीवर चढवलेलं फायबर दरवर्षी सुटतंय? ठिगळ मारण्याआधी काय तपासायचं

जुन्या लाकडी होडीला घरच्या घरी फायबर चढवलं, पहिला हंगाम नीट गेला, दुसऱ्या हंगामात तळाला फुगा आला. तो कापून ठिगळ मारलं, तर पुढच्या वर्षी ठिगळाच्या शेजारीच सुटलं. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत ही तक्रार सारखीच ऐकू येते आणि दरवेळी खापर रेझिनच्या डब्यावर फुटतं. रेझिन खराब निघाल्याची उदाहरणं थोडी. बहुतेक वेळा खालचं लाकूड ओलं किंवा तेलकट असतं, खिळे गंजलेले असतात आणि काम नारळी पौर्णिमेच्या आत उरकायचं म्हणून लाकूड वाळण्याची वाट कोणी पाहिलेली नसते. वरून कितीही भारी रेझिन ओतलं तरी ते लाकडाला धरणार नसेल तर पैसे पाण्यात.

खालची माहिती २० ते ३० फुटी, फळ्यांच्या, बाहेरून पॉलिएस्टर रेझिन आणि मॅट (काचेच्या चिरलेल्या धाग्यांची चटई) चढवलेल्या होडीसाठी आहे. इंजिनाची पेटी, मासळीच्या खणाचं झाकण, फळीवरची टोपणं असे घरी बनवलेले फायबरचे भाग वेगळे फसतात. त्यांचं शेवटाकडे दिलं आहे. संपूर्ण फायबरच्या होडीला यातलं अर्धंच लागू पडेल.

आधी लक्षणं नीट वाचा

फायबरवर काय दिसतंय त्यावरून निम्मं निदान होतं.

तडे होडीच्या लांबीला समांतर, एकमेकांपासून फळीच्या रुंदीइतक्या अंतरावर असतील, तर फळ्या हलत आहेत. साधं पॉलिएस्टर घट्ट झाल्यावर ठिसूळ असतं आणि फार ताण घेत नाही. लाकूड मात्र पाणी पिऊन आडवं फुगतं आणि वाळून आकसतं. दोन फळ्यांच्या सांध्यावर ही सगळी हालचाल एका रेषेत जमा होते, म्हणून फायबर तिथेच फाटतं. असा तडा पुट्टीने भरला तर फार तर एक हंगाम टिकेल.

तडे आडवे, वांकांच्या (फळ्यांना आतून धरणाऱ्या फासळ्यांच्या) ओळीत असतील तर वांक तुटला आहे किंवा फळी त्याला धरून ठेवणारे खिळे ढिले झाले आहेत. हा फायबरचा दोष नाही, सुतारकामाचा आहे.

एका ठिकाणाहून चांदणीसारखे पसरलेले तडे म्हणजे मार लागला आहे: खडक, जेट्टी, शेजारची होडी.

कोळिष्टकासारखे बारीक तडे नुसत्या वरच्या रंगीत थरात असतील तर जेलकोट जाड लावला गेला आहे. तो अर्धा मिलिमीटरच्या आसपास असावा. याने होडी बुडत नाही, पाणी आत शिरायला वाट मात्र होते.

तपकिरी डागांची सरळ ओळ दिसली तर खाली लोखंडी खिळे गंजत आहेत. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि फायबरला आतून वर ढकलतो.

फुगा आला असेल तर अंगठ्याने दाबून बघा, मग बारीक टोच्याने भोक पाडा. येणारं पाणी बाजूला जाऊ द्या, डोळ्यावर उडू देऊ नका. तपकिरी, चहासारखं पाणी आलं तर ते लाकडातून आलं आहे. चिकट, व्हिनेगरसारख्या आंबट वासाचं पाणी आलं तर ते फायबरच्या थरांमध्येच साठलं आहे, म्हणजे रेझिन किंवा मॅटचं काम कच्चं होतं.

पृष्ठभाग महिनोन् महिने चिकट राहिला असेल तर ती वेगळी गोष्ट, तिच्यासाठी तिसरी तपासणी.

तपासणी १: नाणं आणि खडू

खर्च शून्य. होडी आडवी किंवा ओंडक्यांवर घेऊन, कोरडी करून, दहा रुपयांच्या नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने दर चार-पाच सेंटीमीटरवर हलकं ठोकत जा. धरलेलं फायबर टणटणीत वाजतं, सुटलेलं बसक्या आवाजात थपथपतं. आवाज बदलला की खडूने खूण करा. वांकावर आवाज जरा जड येतो, तो दोष समजू नका.

पूर्ण तळ झाला की चार पावलं मागे जाऊन खुणांचा नकाशा पाहा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. खुणा ठिपक्या-ठिपक्यांनी खिळ्यांच्या ओळीत आहेत, सांध्यांच्या रेषेत आहेत, की पठाणाला (तळाच्या कण्याला) लागून लांब पट्ट्यात आहेत? पठाणालगतचा पट्टा म्हणजे आतलं पाणी फायबर आणि लाकडाच्या मध्ये उतरतंय. तळाचा पाव भागापेक्षा जास्त भाग थपथपत असेल तर पुढच्या सगळ्या तपासण्या करा, पण ठिगळाचा विचार सोडून द्या.

तपासणी २: पाणी बाहेरून येतंय की आतून?

फायबर फुटलं म्हणूनच ते सुटलं असेल असं नाही. पावसाळ्यात शाकारलेल्या होडीतही झावळ्यांतून किंवा ताडपत्रीच्या फाटक्या कडेतून पावसाचं पाणी आत उतरतं. वांकांच्या बुडाशी पाणी वाहून जायला ठेवलेली भोकं मासळीचे खवले, रंगाचे पापुद्रे आणि चिखलाने बुजतात. पाणी तिथे तुंबतं, फळीत मुरतं आणि बाहेर फायबर असल्यामुळे त्याला जायला वाट राहत नाही. यात गोडं पाणी खाऱ्यापेक्षा वाईट. लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात फारशी फोफावत नाही, पावसाच्या पाण्यात मस्त वाढते.

आधी ती भोकं तारेने मोकळी करा. मग होडी आतून पुसून कोरडी करा, बाहेरच्या सांध्यांवर खडूची पूड चोळा आणि आत बोटभर पाणी ओता. त्याहून जास्त नको, ओंडक्यांवरच्या होडीला आतल्या पाण्याचा भार झेपत नाही. पूड जिथे ओली होईल तिथे आरपार वाट आहे. काही तासांनीही बाहेर काही दिसलं नाही आणि आतली पातळी मात्र उतरली, तर पाणी फायबरच्या मागे साचतंय.

याचवरून एक नियम: लाकडी होडीला आतून आणि बाहेरून दोन्हीकडून फायबर चढवू नका. लाकडाला एक बाजू श्वासासाठी मोकळी हवी. दोन्हीकडून बंद केलेली फळी आतल्या आत भुसा होते आणि वरून होडी नवीकोरी दिसत राहते.

तपासणी ३: रेझिन पिकलंय का?

स्वच्छ पांढरी चिंधी अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून रंग काढलेल्या फायबरवर अर्धा मिनिट चोळा. पूर्ण पिकलेल्या रेझिनवर काही होत नाही. पृष्ठभाग चिकट झाला किंवा नखाने ओरखडला तर रेझिन कच्चं राहिलं आहे.

कारणं ठरलेली आहेत.

हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव) कमी पडलं. पॉलिएस्टरला १ किलोमागे १० ते २० मिली हार्डनर लागतं. मे महिन्याच्या उन्हात १० मिली, जुलैच्या गारव्यात १५ ते २०. भांड्यात लवकर घट्ट होतंय म्हणून ५ मिलीवर आणलं की रेझिन घट्ट झाल्यासारखं दिसतं, पण आतून कधीच पुरतं पिकत नाही. वेळ हवा असेल तर हार्डनर कमी न करता अर्धा-अर्धा किलोच मिसळा आणि खोल डब्याऐवजी पसरट ट्रे वापरा. मोजायला सुई नसलेली सिरिंज घ्या. बाटलीच्या झाकणाने मोजणं सोडा.

कोबाल्ट (हार्डनरच्या कामाला वेग देणारं द्रावण) विसरलं किंवा दोनदा पडलं. काही दुकानदार कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन देतात, काही ते जांभळं द्रावण बाटलीत वेगळं देतात. विकत घेताना विचारा आणि प्रमाण डब्यावरचं पाळा, कारण कोबाल्टची ताकद बाटलीगणिक वेगळी असते. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. मोजायची भांडीही वेगळी ठेवा.

वरचा थर हवेमुळे चिकट राहिला. पॉलिएस्टर हवेच्या संपर्कात वरून घट्ट होत नाही, तो त्याचा स्वभाव आहे. शेवटच्या थरात मेणाचं द्रावण घालावं लागतं. मेण वर तरंगतं आणि हवा अडवतं. जेलकोट साच्यात लावण्यासाठी असतो. तोच ब्रशने बाहेरून फासला तर चिकटच राहणार. मात्र मेण घातलेल्या थरावर पुन्हा फायबर करायचं असेल तर आधी ते अ‍ॅसिटोनने पुसा आणि मग घासा. आधीच घासलं तर मेण पृष्ठभागात रुततं आणि नवा थर पापुद्र्यासारखा निघतो.

थर पांढरट, दुधाळ असेल तर मॅट दमट होती किंवा रेझिन कमी पडलं. मॅटचा गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घरात उंचावर ठेवावा, होडीत नव्हे. मॅट घेताना पावडर-बाइंडरची मागा (बाइंडर म्हणजे धागे एकत्र धरणारा चिकटा). इमल्शन-बाइंडरची मॅट सतत पाण्यात राहणाऱ्या कामाला कमी टिकाऊ.

तपासणी ४: लाकडाची ओल

सगळ्यात जास्त होड्या इथे नापास होतात.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणून डागडुजी याच दोन महिन्यांत होते. नेमक्या याच दिवसांत हवा ओलीचिंब असते. मेअखेर समुद्रातून ओढून काढलेली होडी शाकारली की तिच्यातलं पाणी तिच्यातच राहतं. जुलैत फळीवर हात फिरवला तर कोरडी लागते, पण तो कोरडेपणा वरचा दोन मिलिमीटरचा.

स्वस्त चाचणी अशी: फुटभर चौरस पारदर्शक प्लॅस्टिक उघड्या लाकडावर चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस-रात्र ठेवा. आतून धुकं किंवा थेंब धरले तर लाकूड ओलं आहे. तळाला निदान चार ठिकाणी करा. त्यातली एक जागा पठाणाला लागून आणि एक नाळेजवळ (होडीच्या पुढच्या टोकाजवळ) असू द्या.

दोन सुयांचं ओल मोजायचं यंत्र ऑनलाइन हजार-दोन हजारात मिळतं आणि दोन-तीन होडीवाल्यांनी मिळून घ्यायला हरकत नाही. १२ ते १५ टक्के दाखवलं तर काम सुरू करा. १८ च्या वर असेल तर थांबा. पण एक लक्षात घ्या: लाकडात मीठ असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. आधी फळ्या गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढा. मीठ धुणं तसंही आवश्यक आहे, कारण ते हवेतली ओल ओढत राहतं.

इंचभर जाडीची भिजलेली फळी आठवड्यात वाळत नाही, सावलीत वारा खेळता ठेवून महिना-दीड महिना धरा. उन्हात तापवून घाई करू नका. लाकूड अती वाळलं तर सांधे उघडतात, त्यावर फायबर बसतं आणि होडी पाण्यात गेल्यावर फळ्या फुगून त्याच फायबरला फाडतात. म्हणून हे काम डिसेंबर ते एप्रिलमध्ये, चार-सहा आठवडे होडी बाहेर ठेवून केलेलं बरं. हंगाम बुडतो, हे खरं. पण दर जुलैला तेच ठिगळ मारण्याचा खर्च एकदा मांडून बघा.

तपासणी ५: टोच्या, खिळे, दोरी

आतल्या बाजूने टोच्या घेऊन पठाण, वांकांची बुडं, फळ्यांची टोकं आणि नाळ दाबत जा. चांगल्या सागात किंवा ऐनात टोक दोन-तीन मिलिमीटरही जात नाही. लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर लाकूड गेलं. बारीक गोल भोकं आणि चुन्यासारखं अस्तर असलेल्या नळ्या दिसल्या तर लाकूड पोखरणारा समुद्री किडा शिरला आहे. फायबरची फट उघडी राहिली की तो तिथून घुसतो आणि बाहेरून पत्ताही लागत नाही.

दोन-चार खिळे उपटून बघा. मधोमध बारीक होऊन सुईसारखे झाले असतील तर फळी केवळ सवयीने जागेवर आहे. नवीन खिळे तांब्याचे किंवा ३१६ स्टेनलेसचे घ्या. पितळ खाऱ्या पाण्यात ठिसूळ होतं.

शेवटी पठाणाखालून नायलॉनची दोरी नाळेपासून पिछाडीपर्यंत ताणून धरा. होडी मूळची सरळ पठाणाची असेल आणि आता मध्ये दोन बोटांहून जास्त अंतर दिसत असेल तर होडीचा कणा वाकला आहे. फायबर तो सरळ करणार नाही.

तपासणी ६: पट्टी सोलून मागची बाजू वाचा

आता कापायला हरकत नाही. नाणं थपथपलं त्या जागेच्या कडेला, पाच सेंटीमीटर रुंद आणि वीतभर लांब पट्टी ग्राइंडरने फायबरच्या जाडीइतकीच कापा. पट्टी अशी घ्या की अर्धी सुटलेल्या भागात, अर्धी धरलेल्या भागात येईल. छिन्नीने एक टोक उचला, पक्कडीत धरून ओढा आणि पट्टी उलटी करून उजेडात बघा.

मागे लाकडाचे धागे चिकटून आले आणि ते ताजे, पिवळसर असतील: चिकटणं उत्तम होतं, धागाच तुटला. म्हणजे ताण जास्त आला किंवा फळी हलली.

धागे काळपट, बोटाने चुरडले जाणारे असतील: कूज आहे. त्या जागी कितीही चांगलं फायबर लावलं तरी ते भुशाला चिकटणार.

मागची बाजू काचेसारखी गुळगुळीत, चकचकीत, एकही धागा नाही: रेझिन लाकडाला कधी धरलंच नव्हतं. ओल किंवा तेल, दोनांपैकी एक. कोकणातल्या जुन्या होड्यांना वर्षानुवर्षं माशाचं तेल, डांबर किंवा काजूच्या टरफलाचं तेल चोपडलेलं असतं. काजूच्या तेलात फिनॉल जातीची द्रव्यं असतात आणि ती पॉलिएस्टरला पिकूच देत नाहीत. फायबरच्या बाजूला चिकट, लाकडाच्या बाजूला तेलकट असा थर दिसला तर समजून जा. सागाचं स्वतःचं तेलही यात भर घालतं.

मागे बारीक बुडबुड्यांची जाळी असेल तर लाकडातली हवा किंवा वाफ बाहेर पडत होती, म्हणजे काम चढत्या उन्हात झालं. लाकूड तापताना आतली हवा फुगते. म्हणून पहिला थर दुपारनंतर, लाकूड निवायला लागलं की द्यावा. तेव्हा ते रेझिन आत ओढून घेतं.

ही एक पट्टी दहा जणांच्या सल्ल्यापेक्षा जास्त सांगते. तळाला तीन ठिकाणी काढा. तिन्हींची उत्तरं वेगळी निघाली तरी नवल नाही.

दुरुस्ती: छोटा भाग

सुटलेला भाग तळाच्या पाव भागाहून कमी, लाकूड टणक, ओल १५ टक्क्यांखाली आणि खिळे ठीक असतील तरच पुढे जा.

सुटलेलं फायबर खुणेच्या बाहेर दहा सेंटीमीटरपर्यंत काढा, आवाज टणटणीत येईपर्यंत. कडा ४० नंबरच्या डिस्कने उतरती घासा. उतार जाडीच्या बारापट हवा: ४ मिलिमीटर फायबरला सुमारे ५ सेंटीमीटर. उभ्या कडेला चिकटवलेलं ठिगळ कडेवरच फुटतं. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा. काचेची धूळ दमेकऱ्यालाच नाही, सगळ्यांना त्रास देते.

लाकूड ताजा रंग दिसेपर्यंत घासा. तेलाचा संशय असेल तर अ‍ॅसिटोनने, चिंधी बदलत पुसा आणि पुसल्यावर लगेच, फार तर अर्ध्या तासात पहिला थर द्या, कारण सागाचं तेल पुन्हा वर येतं. पुसायला पेट्रोल, डिझेल किंवा रंगाचं थिनर वापरू नका, ते मागे चिकट अंश सोडतात.

लाकडावरचा थर एपॉक्सीचा (वेगळ्या जातीच्या रेझिनचा) असावा. महाग आहे, पण लाकडाला पॉलिएस्टरपेक्षा फार घट्ट धरतो आणि थोडा लवचिकही असतो. यात दोन गोष्टी चुकतात. एपॉक्सीत हार्डनरचं प्रमाण ठरलेलं असतं, ते वाढवून लवकर घट्ट होत नाही, उलट मऊ राहतं. वजनकाट्यावर मोजा. दुसरं, साधी चिरलेली मॅट एपॉक्सीबरोबर वापरू नका. तिच्यातलं बाइंडर स्टायरिनमध्ये (पॉलिएस्टर रेझिनमधल्या पातळ द्रवात) विरघळतं आणि एपॉक्सीत स्टायरिन नसतं, त्यामुळे मॅट नीट भिजत नाही. विणलेलं कापड घ्या.

१ चौरस मीटरला ४०० ग्रॅमच्या कापडाचे दोन थर, पहिला पातळ भिजवणीचा हात आणि वरची भर धरून साधारण दीड किलो एपॉक्सी लागतं. दमट हवेत एपॉक्सीवर तुपकट पापुद्रा येतो. दुसऱ्या दिवशी गोडं पाणी आणि भांड्याच्या घासणीने तो धुवा, मग घासा. नुसतं घासलं तर तो पसरतो. एपॉक्सीवर नंतर पॉलिएस्टर चढवू नका, नीट धरत नाही. उलट चालतं.

पॉलिएस्टरवरच भागवायचं असेल तर आयसोफ्थॅलिक रेझिन (पाण्यात जास्त टिकणारं पॉलिएस्टर) घ्या, साधं नको. १ चौरस मीटरला ३०० ग्रॅमची मॅट, ६०० ग्रॅमचं रोव्हिंग (जाड विणीचं काचेचं कापड) आणि वर ४५० ग्रॅमची मॅट एवढं धरलं तर काच १.३५ किलो होते. मॅटला तिच्या वजनाच्या सव्वादोन-अडीचपट रेझिन, रोव्हिंगला साधारण त्याच्या वजनाइतकंच, म्हणजे वाया जाणारं धरून पावणेतीन किलो. जाडी सुमारे अडीच मिलिमीटर भरेल. लाकडाला लागून नेहमी मॅट, रोव्हिंग कधीच नाही. रोव्हिंगची जाड वीण लाकडावर पूर्ण टेकत नाही आणि मध्ये पोकळ्या राहतात.

घरी बनवलेले भाग

इंजिनाच्या पेटीचं झाकण कोपऱ्यात फुटतं कारण साच्याचा कोपरा काटकोनी असतो. मॅट तीक्ष्ण वळण घेत नाही, आत पोकळी ठेवून जाते. कोपऱ्याला पुट्टीने निदान एक सेंटीमीटर त्रिज्येची गोलाई द्या.

सपाट झाकण पाय ठेवताच लचकत असेल तर थर वाढवत बसण्यापेक्षा मागे पट्ट्या द्या. कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. मध्ये पीयू फोम किंवा आयएस ७१० (भारतीय मानक) चं मरीन प्लायवूड घालून दोन्हीकडून पातळ थर दिले तर वजन कमी आणि ताकद जास्त. थर्माकोल घालू नका, पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनने तो डोळ्यांदेखत विरघळतो.

प्लाय घातलेले भाग बिजागरीच्या स्क्रूपासून कुजायला लागतात. स्क्रूच्या दुप्पट व्यासाचं भोक पाडा, दाट एपॉक्सीने पूर्ण भरा, घट्ट झाल्यावर त्यात स्क्रूचं भोक पाडा. पाणी मग प्लायपर्यंत पोचत नाही.

साच्यातून काढलेल्या भागावर मेण असतं. तो होडीला जोडताना अ‍ॅसिटोन, मग घासणी, हाच क्रम. दोन दिवसांहून जुन्या फायबरवर घासल्याशिवाय काहीच चिकटवू नका.

इथे हात थांबवा

पुढचं काही आढळलं तर होडी बांधणारा जाणता सुतार आणि नौकांची तपासणी करणारा सर्वेअर यांना बोलवा. रेझिन विकत घेऊ नका, आणलं असेल तर डबा बंदच ठेवा.

पठाणात टोच्या सहज शिरतो, किंवा ताणलेली दोरी कणा वाकल्याचं दाखवते.

लागोपाठचे दोन-तीन वांक तुटले आहेत किंवा इंजिनाचा पाया हलतो.

बाहेर लावायच्या इंजिनाची मागची फळी हलते. इंजिनाच्या खालच्या टोकाला हाताने वर-खाली ढकला आणि फळीकडे बघा. ती फायबरसकट वाकत असेल तर आतलं लाकूड गेलं आहे. बोल्ट आवळून ती घट्ट होत नाही, फक्त चिरडते. अशी होडी बाहेर काढू नका, इंजिन फळीसकट समुद्रात जाऊ शकतं.

तळाचा पाव भागापेक्षा जास्त भाग सुटला आहे. पर्याय मग दोनच: सगळं फायबर काढून लाकूडकाम नव्याने, किंवा जाड, स्वतःच्या ताकदीवर उभं राहणारं फायबरचं कवच. ६ मिलिमीटरचं कवच दर चौरस मीटरला ९ किलोच्या आसपास भरतं. त्याने होडी किती बसेल, तोल कसा राहील, इंजिन पुरेल का, हे गणित अंदाजाने करायचं नाही. होडीची मापं किंवा इंजिन बदलणार असेल तर नोंदणी आणि विम्यावरही परिणाम होतो, तेव्हा मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याला काम सुरू करण्याआधी विचारा.

हार्डनर डोळ्यात उडालं तर चोळत बसू नका. पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरा आणि थेट दवाखाना गाठा, दृष्टी जाऊ शकते. हार्डनर सांडलेल्या चिंध्या पाण्याच्या बादलीत टाका, गोळा करून ठेवलेल्या चिंध्या आपोआप पेट घेतात. मिसळलेलं रेझिन डब्यात धुरायला लागलं तर तो डबा होडीपासून लांब, मोकळ्या रेतीत नेऊन ठेवा आणि वारा जिकडून येतोय त्या बाजूला उभे राहा.